‘रोझमेरी अँड थाइम’ला ‘वेळ घालवायला बरी’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश गुप्तहेर मालिकांची यादी आली होती. काळोख्या, रक्तबंबाळ मालिकांना त्यात प्रत्येकी एक परिच्छेद मिळाला आणि ‘रोझमेरी अँड थाइम’ची बोळवण मात्र ‘वेळ घालवायला बरी’ एवढ्यावर झाली. हा त्या मालिकेवर अन्याय आहे. खुनाची गोष्ट भर उन्हात, फुलांच्या ताटव्यांतून, दोन मध्यमवयीन बायकांच्या गप्पांमधून सांगायची आणि तरीही कोडे शेवटपर्यंत घट्ट ठेवायचे, हे काळोख दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ते कसे साधले आहे हे जरा तपशिलात मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी निर्धास्त वाचावे, कोणत्याही भागातला खुनी मी उघड केलेला नाही.

मालिका ‘आयटीव्ही’ या ब्रिटिश वाहिनीवर ३१ ऑगस्ट २००३ रोजी सुरू झाली. तीन पर्वे, एकूण २२ भाग. तिचे निर्माते ब्रायन ईस्टमन, अनेक भागांचे लेखक क्लाइव्ह एक्स्टन आणि संगीतकार ख्रिस्तोफर गनिंग. अगाथा ख्रिस्ती यांच्या गुप्तहेरावरच्या, डेव्हिड सुशे यांच्या गाजलेल्या ‘प्वारो’ मालिकेत या तिघांनीही काम केलेले होते. म्हणजे पुरावा प्रेक्षकासमोर प्रामाणिकपणे मांडायचा आणि तरी त्याला चकवायचे, या जुन्या शाळेत तयार झालेली ही मंडळी. शीर्षकसंगीत ‘स्कारबरो फेअर’ या जुन्या इंग्रजी लोकगीताच्या चालीवर बेतलेले आहे आणि त्यातली गिटार जॉन विल्यम्स यांनी वाजवली आहे. नायिकांच्या नावांत आलेल्या रोझमेरी आणि थाइम या दोन सुवासिक वनस्पती त्या गीताच्या ध्रुवपदातही आहेत.

रोझमेरी बॉक्सर ही वनस्पती रोगशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली प्राध्यापिका. पहिल्याच भागात तिची विद्यापीठातली नोकरी जाते. लॉरा थाइम ही पोलीस दलातून बाहेर पडलेली बाई, तिला नवरा एका तरुण मुलीसाठी सोडून गेला आहे. दोघी भेटतात आणि जुन्या बागा पुन्हा उभ्या करून देण्याचा व्यवसाय सुरू करतात. या भूमिका करणाऱ्या फेलिसिटी केंडल आणि पॅम फेरिस या दोघींनीही तेव्हा पंचावन्नी गाठलेली होती. त्या वयाच्या दोन अभिनेत्रींना संध्याकाळच्या मुख्य वेळेत मालिकेच्या मध्यभागी उभे करायचे, तेही कुणाची आई, सासू किंवा आजी म्हणून नव्हे, तर घाम गाळून पोट भरणाऱ्या बायका म्हणून, ही निवड धाडसी होती आणि मालिकेचे निम्मे यश तिच्यातच आहे.

निवडलेला व्यवसायही विचारपूर्वक आहे. हौशी गुप्तहेराच्या गोष्टीत लेखकाला सर्वांत छळणारा प्रश्न असा: या माणसाला परक्याच्या घरात शिरू कोण देणार? तपास करण्याचा त्याला अधिकार काय? बहुतेक मालिकांत इथेच शिवण उसवलेली दिसते. बागकाम करणाऱ्या बाईला हा प्रश्नच येत नाही. मालकाने तिला स्वतः बोलावलेले असते. ती आठवडेच्या आठवडे आवारात वावरते, खिडकीखाली गुडघे टेकून बसते, शेडमध्ये काय ठेवले आहे हे तिला ठाऊक असते, कचऱ्याचा ढीग उकरणे हे तर तिचे कामच. आणि बड्या घरातली माणसे हाताखालच्या माणसासमोर सर्रास बोलतात, जणू तो तिथे नाहीच. इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेवरचे हे भाष्य मालिकेत कुणी भाषण करून सांगत नाही. ते कथेच्या रचनेतच आहे.

आता मुख्य मुद्दा. रोझमेरी नुसती फुलवेडी नाही, ती रोगनिदान करणारी आहे. झाडाचा रोग ओळखण्याची एक ठरलेली पद्धत असते आणि ती माहीत असली तर मालिका दुप्पट रंगते.

पहिला प्रश्न असतो, लागण कोणाकोणाला झाली? एकाच जातीच्या झाडांना, की शेजारचे गवत, गुलाब आणि कुंपणाची झुडपे यांनाही? बुरशी आणि जिवाणू बहुधा ठरावीक जात किंवा कूळ धरून चालतात. सरसकट मारणारे तणनाशक असली निवड करत नाही. दुसरा प्रश्न, नुकसानीची कड कशी आहे? जिवंत रोग एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतो, त्यामुळे कालचे डाग, आजचे डाग आणि अजून निरोगी असलेले भाग एकाच वेळी दिसतात. ओतलेले किंवा फवारलेले रसायन सरळ रेषेत थांबते आणि त्या पट्ट्यातली सगळी पाने साधारण एकाच वेळी करपतात. सरळ रेष दिसली की संशय माणसावर घ्यायचा. तिसरा प्रश्न, आधी कोणती पाने गेली, खालची जुनी की शेंड्याची कोवळी? त्यावरून कोणत्या अन्नद्रव्याची कमतरता आहे याचा अंदाज बांधता येतो. मग बुंध्याशी उकरून पाहायचे. साल सोलल्यावर आत पांढरा, अळंबीसारख्या वासाचा पापुद्रा आणि मातीत बुटाच्या नाडीसारखे काळे धागे सापडले तर ती ‘हनी फंगस’, इंग्लंडच्या बागांमधली सर्वांत धास्तीची बुरशी. आणि ती मात्र वरचा पहिला नियम मोडते, कारण अनेक जातींच्या झाडाझुडपांना धरते. म्हणून एका खुणेवर निदान करायचे नसते.

सर्वांत शेवटी, आणि हा प्रश्न नवशिका हमखास विसरतो: गेल्या एक-दोन वर्षांत इथे काय बदलले? फरसबंदी झाली का, सांडपाण्याची नळी फुटली का, बुंध्याभोवती माती चढवली का? खोडाशी हातभर मातीचा ढीग लावला तरी मोठे झाड मुळे गुदमरून हळूहळू मरते, आणि लक्षणे दिसेपर्यंत कारण कुणाच्या आठवणीतही राहत नाही.

ही सगळी प्रश्नावली खुनाच्या तपासाला जशीच्या तशी लागू पडते. कोणाकोणाला झळ लागली, ती कुठे थांबली, आधी काय बिघडले, अलीकडे काय बदलले. रोझमेरी झाडांकडे ज्या नजरेने पाहते त्याच नजरेने घरातल्या माणसांकडे पाहते. तिच्या तोंडी एखादे शास्त्रीय वाक्य येते ते विद्वत्ता मिरवायला येत नाही, पुढच्या दृश्यात ते कामाला येते.

बागेतला पुरावा पडद्यावर का खुलतो याचीही कारणे आहेत. उकरून पुन्हा भरलेली जमीन काही महिन्यांत खचते, आणि तिच्यावर आधी उगवणारी झाडे आजूबाजूपेक्षा वेगळी असतात. इंग्लंडमधली खाजरी ‘नेटल’ फॉस्फेट जास्त असलेल्या जमिनीवर फोफावते, म्हणून जुन्या वस्तीच्या जागा शोधताना पुरातत्त्वज्ञही तिच्याकडे लक्ष ठेवतात. हायड्रेंजियाची काही वाणे आम्लधर्मी मातीत निळी आणि चुनखडीच्या मातीत गुलाबी फुलतात, कारण आम्लात ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळते. गुप्तहेरकथांचे लेखक या रंगबदलावर फार पूर्वीपासून भाळलेले आहेत. पण मातीत काही पुरले आणि चार दिवसांत फूल निळे झाले असे कुणी दाखवले, तर ती शुद्ध थाप समजावी. एखादा हंगाम तरी जावाच लागतो.

विषारी वनस्पतींचेही तसेच. इंग्रजी बागेतल्या निम्म्या देखण्या गोष्टी जिवावर बेतणाऱ्या असतात. फॉक्सग्लव्ह या घंटेसारख्या फुलांच्या झाडाच्या हृदयावरील परिणामाचा पद्धतशीर अभ्यास विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या द्रव्यांपासून पुढे हृदयरोगाची औषधे आली. फूल येण्याआधी फॉक्सग्लव्हची पाने कॉम्फ्री या औषधी पाल्यासारखी दिसतात. मंक्सहूड, म्हणजे आपल्या बचनागाचा भाऊबंद, त्याचे मूळ हॉर्सरॅडिश या खाण्याच्या तिखट मुळासारखे दिसते. चर्चच्या आवारातल्या जुन्या यू वृक्षाच्या फळावरचा लाल गर निरुपद्रवी, पण आतली बी आणि पाने विषारी. कथाकाराला यातून मिळते ती संदिग्धता. माणूस मेला तर तो अपघात होता, गफलत होती की कुणाचा डाव? पिस्तुलाच्या गोळीला ही संदिग्धता नसते. इथे पोलीस ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून फाईल मिटवतात आणि त्यांचे ते वागणे पटतेही. अपघात होणे शक्य नव्हते हे सांगायला मग झाडाचा हंगाम, त्याची जागा आणि त्याची वाढ ओळखणारीच लागते.

पण झाडांविषयीच्या पुराव्यात एक मोठी अडचण आहे. प्रेक्षकाला ते ज्ञान नसते. ऐनवेळी तज्ज्ञाने खिशातून काढलेली माहिती ही फसवणूक वाटते. यावर मालिकेचा तोडगा म्हणजे लॉरा. तिला झाडांतले कळते ते घरच्या बागेपुरते. ती विचारते, रोझमेरी समजावते, आणि आपल्याला हवी ती माहिती खुनी सापडण्याच्या कितीतरी आधी कानावर पडून जाते. उलट जबानीतली विसंगती कशी पकडायची, कोण कुठे होते याची वेळ कशी जुळवायची, खोटे बोलणारा माणूस नको तितका तपशील का देतो, हे लॉराला माहीत असते आणि रोझमेरीला ते कळत नाही. शेरलॉक आणि वॉटसनच्या जोडीत एकच हुशार असतो. इथे दर दहा मिनिटांनी भूमिका बदलतात. दोघींची मैत्री प्रेक्षकाला खरी वाटते त्यामागे अभिनय आहेच, पण त्याहून अधिक ही रचना आहे: प्रत्येकीला दुसरीची खरोखर गरज असते.

वेळेचे गणित पाहा. भाग जाहिराती वगळून साधारण ५० मिनिटांचा. व्यावसायिक वाहिनी असल्यामुळे मध्ये जाहिराती येणार आणि प्रत्येक जाहिरातीआधी काहीतरी वळण यायलाच हवे. एवढ्या वेळात नवी बाग, नवे घर, त्यातली भांडणे, मृत्यू, चुकीचा संशय, सापळा आणि शेवटी पुरी झालेली बाग. संशयित चार ते सहाच्या पुढे गेले की चेहरे लक्षात राहत नाहीत, चारपेक्षा कमी झाले की पहिल्या पंधरा मिनिटांत उत्तर सुटते. प्रत्येक संशयिताला एक उघड हेतू आणि एक लपवलेली, पण खुनाशी संबंध नसलेली गोष्ट द्यावी लागते, म्हणजे तो खोटे का बोलतो याचे कारण मिळते. हे सगळे बसवून वर विनोदाला जागा ठेवायची. विनोद इथे चुटक्यांतून येत नाही, तो दोघींच्या स्वभावांच्या घर्षणातून येतो. रोझमेरी भटक्या कुतूहलाची, लॉरा व्यवहारी. म्हणूनच तो मृत्यूची थट्टा करत नाही.

मालिकेत दोष आहेत आणि ते झाकू नयेत. सर्वांत मोठा दोष बागकामाच्या वेगाचा. आठवड्याभरात उजाड अंगण बहरते. प्रत्यक्षात गुंडाळून आणून अंथरलेल्या हिरवळीच्या पट्ट्यांना मुळे धरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर तिच्यावर चालायचे नसते. ‘बॉक्स’ या सदाहरित झुडपाचे कुंपण वर्षाला जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर वाढते. उघड्या मुळांची गुलाबाची रोपे लावायचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, पण चित्रीकरणाला हवा लख्ख उन्हाळा, म्हणून सगळीच कामे एका ऋतूत उरकलेली दिसतात. दुसरा दोष पुराव्याच्या हाताळणीचा. बागेच्या हातमोज्याने उचलून पिशवीत टाकलेली वस्तू कोर्टात कितपत टिकेल याची लॉरासारख्या माजी पोलिसाला काळजी वाटायला हवी, ती क्वचितच वाटते. आणि शेवटी दोघींपैकी एक जण खुन्याला एकटी भेटायला जाते, हे इतक्यांदा घडते की चीड यावी. २२ भागांत जिथे फावडे मारले तिथे प्रेत हा योगायोगही आहेच, पण तो या जातीच्या गोष्टीचा करारच आहे. तो मान्य नसेल त्याने पाहू नये.

फेलिसिटी केंडल यांच्याविषयी मराठी वाचकाला थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यांचा मुंबईशी जवळचा धागा आहे. त्या जन्मल्या १९४६ साली इंग्लंडमध्ये, पण वाढल्या भारतात, वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटक कंपनीबरोबर. ही कंपनी गावोगावच्या शाळांत आणि नाट्यगृहांत शेक्सपिअर करत असे. १९६५ च्या ‘शेक्सपिअरवाला’ या चित्रपटात त्यांच्यासमोर शशी कपूर होते. त्यांची थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूर यांच्या पत्नी. या दोघांनी १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभे केले. आज तिथे प्रयोग पाहणाऱ्या किती जणांना माहीत असेल की संस्थापिकेची धाकटी बहीण इंग्लंडच्या टीव्हीवर घराघरांत पोचलेली नटी आहे? १९७५ ते १९७८ या काळात बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ या विनोदी मालिकेत त्यांनी नोकरीचे चक्र सोडून घराच्या परसात भाजीपाला पिकवणाऱ्या जोडप्यातली बायको केली होती. केंडल यांच्या हातात खुरपे दिसताच ब्रिटिश प्रेक्षकाला काय आठवले असेल, हे त्यावरून कळते. पॅम फेरिस अगदी वेगळ्या धाटणीच्या. ‘मटिल्डा’ चित्रपटातली कर्दनकाळ मुख्याध्यापिका त्यांचीच. इथे तोच दणकटपणा त्यांनी मायेकडे वळवला आहे.

या परंपरेतल्या इतर नायिकांशी ताडून पाहिले तर मालिकेचे वेगळेपण ठसते. १९८४ ते १९९२ या काळात जोन हिक्सन यांनी साकारलेल्या, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचे हत्यार म्हणजे खेड्यातल्या माणसांचा साठवलेला अनुभव. १९९६ ते १९९८ मधल्या ‘हेटी वेनथ्रॉप’मध्ये पॅट्रिशिया रूटलेज यांची साठीची गृहिणी चिकाटीवर आणि शेजारधर्मावर चालते. ‘अगाथा रेझिन’ जनसंपर्काच्या धंद्यातून आलेली, तिचे भांडवल तोंडाळपणा. यांतली एकही नायिका विज्ञान शिकलेली नाही. रोझमेरी आहे, आणि तिचे विज्ञान प्रयोगशाळेतल्या निळ्या दिव्यांखाली चालत नाही. ते चिखलात चालते.

आपल्याकडच्या मालिका-लेखकांनी याकडे जरूर पाहावे. पण इंग्रजी बाग उचलून आणू नये. कण्हेरीत फॉक्सग्लव्हसारखीच हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत, गुंजेची लालचुटूक बी आणि कळलावीचा कंद किती घातक आहेत हे खेड्यात जाणत्यांना ठाऊक असते. आपले ऋतुचक्र पावसावर फिरते, त्यामुळे मातीतला पुरावा मृगाच्या सरीआधी आणि सरीनंतर पूर्ण वेगळा असेल. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेली रोगशास्त्रज्ञ आणि एखादी माजी महिला हवालदार ही जोडी इथल्या मातीत सहज उभी राहील. अट एकच: दर आठवड्याला एक गोष्ट सुरू होऊन त्याच भागात संपली पाहिजे. रोजच्या मालिकेसारखी ती महिनोन्‌महिने ताणली तर संशयितांचे हेतू पातळ होतात आणि पहिल्या आठवड्यात दाखवलेला पुरावा दहाव्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही.

ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पहिला भाग आधी पाहावा, कारण दोघींची गाठ त्यात पडते. पुढे क्रम पाळला नाही तरी चालते. पहिल्या पर्वातले सहाही भाग बांधणीला पक्के आहेत. दुसऱ्या पर्वातला कालव्यावरच्या बोटींचा भाग, ‘द गाँगूझलर्स’, बागेबाहेर पडूनही वेग सोडत नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधले भाग मात्र शेवटी ठेवावेत. तिथे समुद्रकिनारे आणि ऊनच इतकी जागा खातात की झाडांना आणि कोड्याला ती कमी पडते.

आपली,
एक वाचक, पुणे